एकाच घरात दोन गाड्या, आणि प्रीमियम पेट्रोल भलत्याच टाकीत

घरात माणसं तीन, गाड्या दोन. जुनी गाडी वडिलांची. साधं पेट्रोल इंजिन, टर्बो (हवा दाबून भरणारं यंत्र) नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) दहास एकच्या आसपास, भरपूर चाललेली पण जिवापाड जपलेली. नवी गाडी मुलीची. तिचं टर्बो इंजिन लहान, आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. वडील आता निवृत्त आहेत. घरखर्चाचा मोठा भाग मुलगी उचलते आणि हिशेबाची वहीही तिच्याकडेच असते. किराणा, वीजबिल, औषधं, विम्याचे हप्ते असं सगळंच वर सरकायला लागलं, तेव्हा कात्री कुठे लावता येईल ते तिने शोधायला घेतलं. पहिल्यांदा डोळ्यांत आलं ते वडिलांचं पेट्रोल. गेली काही वर्षं ते नेमाने प्रीमियम, म्हणजे पंपावरचं महागडं पेट्रोल, भरत होते. तिने मात्र काटकसर म्हणून स्वतःच्या गाडीत साधं भरायला सुरुवात केली होती. वाद पेटायला एवढं पुरेसं होतं.

इंजिनांशी माझा रोजचा संबंध आणि या घराशी जुनी ओळख, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. घरच्यांच्या परवानगीने, नावं गाळून लिहितो आहे. एरवी गप्पांत 'प्रीमियम म्हणजे नुसती लूट' किंवा 'प्रीमियमने गाडी पळते' यापलीकडे बोलणं जात नाही. इथे या दोन्ही वाक्यांचा काही उपयोग झाला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

वहीत लिटर नव्हतेच

मी आधी वही मागितली. तारीख, रक्कम, कोणती गाडी, एवढ्याच नोंदी. मुलीने माझ्यासमोरच वडिलांना विचारलं, "बाबा, मागच्या वेळी लिटर किती आलं होतं?"

"लिटर कशाला बघायचं? नेहमीचंच भरलं."

हे 'नेहमीचंच' म्हणजे ठरलेली रक्कम. बहुतेक लोक असंच भरतात आणि त्यात गैरही काही नाही, पण महागाई लपायला यापेक्षा सोयीची जागा नाही. भाव वाढला तरी पंपावर खिशातून जाणारा आकडा तोच राहतो, त्यामुळे टोचत नाही. टाकीत थोडं कमी पडतं, काटा थोडा लवकर खाली येतो, पंपाची पुढची फेरी एक-दोन दिवस आधी होते. लवकर झालेल्या फेरीचा हिशेब कोणी ठेवत नाही.

साध्या पेट्रोलचा भाव १०० धरला, तर त्यांच्या नेहमीच्या पंपावर प्रीमियम ११० च्या घरात जातं. म्हणजे ठरलेल्या रकमेत साधं जेवढं आलं असतं, त्याच्या सुमारे ९१ टक्केच प्रीमियम टाकीत पडतं. नुसत्या बरोबरीला यायचं तरी गाडीने दहा टक्के जास्त ॲव्हरेज द्यायला हवं. ही गोष्ट कागदावर मांडेपर्यंत दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. वडिलांचा अंदाज होता की 'थोडंफार जास्त ॲव्हरेज मिळत असेल'. थोडंफारने भागण्यासारखा हा फरक नव्हता.

मुलीलाही एक हिशेब दाखवावा लागला. घरखर्च १०० धरला तर दोन्ही गाड्यांचं पेट्रोल मिळून जेमतेम ८ होत होतं. त्यातले ४ वडिलांच्या गाडीचे. त्या चारांतला प्रीमियमचा जादा भार अकरावा हिस्सा, म्हणजे एकूण खर्चाच्या अर्ध्या टक्क्याच्याही आतच. वर्षभरात घरखर्च वाढला होता त्यापुढे ही रक्कम किरकोळ होती. मग चिडचिड नेमकी पेट्रोलवरच का? माझं मत असं, की आपण घेतो त्या वस्तूंपैकी पेट्रोलचाच भाव रस्त्यावरून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावलेला असतो. बिस्किटाच्या पुड्यातलं वजन पाच-दहा ग्रॅमने घटलं तर ते कोणी फलकावर लावत नाही. शिवाय इंधनाच्या दरवाढीचा बराचसा मार आपल्या टाकीतून बसतच नाही. मालवाहतूक डिझेलवर चालते, तिचा भार भाजीपासून सिमेंटपर्यंत सगळ्यावर चढतो आणि तो किराण्याच्या बिलात निमूटपणे येऊन बसतो.

तरी रक्कम किरकोळ म्हणून विषय सोडून द्यावा असं मला वाटलं नाही, कारण वडिलांच्या उत्तरात एक खटकणारी गोष्ट होती.

वडिलांची बाजू

वडील जाहिरातीला भुलून प्रीमियमकडे वळले नव्हते. काही वर्षांपूर्वी चढावर गाडी टकटकायला लागली. वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबला की धातूवर बारीक हातोडी मारल्यासारखा आवाज. गॅरेजवाल्याने सांगितलं, "साधं पेट्रोल मानवत नाही हिला, प्रीमियम भरा." भरलं, आवाज गेला. त्यानंतर दोनेकदा साधं भरून पाहिलं, आवाज परत आला. पुरावा समोर होता आणि त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्षही तर्काला धरून होता.

पण गाडीच्या पुस्तिकेत ९१ आरओएन, म्हणजे ९१ ऑक्टेन आकड्याचं पेट्रोल, पुरेसं असल्याचं स्पष्ट छापलेलं होतं. तेव्हा पंपावरचं साधं पेट्रोलही ९१ चंच होतं. नवी असताना हीच गाडी याच पेट्रोलवर, त्याच चढावर, बिनआवाजाची चालत होती. तेव्हा चालत होती आणि आता चालत नाही, याचा अर्थ मध्यंतरी इंजिनात काहीतरी बदललं. ते काय, हे कोणी शोधलंच नव्हतं. आवाज गेल्यावर शोधणार तरी कोण!

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

इथे थोडं इंजिनात डोकावायला हवं. स्पार्क प्लगची ठिणगी पडली की ज्वाळा प्लगपासून पसरत सिलिंडरभर जाते. ती पोहोचायच्या आत टोकाला उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून भडकलं, तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतीवर आदळते. ऐकू येणारी टकटक म्हणजे हेच नॉकिंग. ऑक्टेन आकडा फक्त एवढं सांगतो, की हे पेट्रोल असं अवेळी भडकायला किती विरोध करतं. प्रीमियमचा हा आकडा साध्यापेक्षा जास्त असतो.

मोजपट्टी १९२० च्या दशकात ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने सुचवली. आयसोऑक्टेन हे द्रव्य १०० आणि नॉर्मल हेप्टेन ०. तुमचं पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकं टिकलं, तर त्याचा आकडा ९१. त्याच्या थोडं आधी, १९२१ मध्ये, थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड घातल्याने नॉकिंग थांबतं हे सापडलं होतं. त्या शिशाने पुढची शंभर वर्षं जगभरच्या हवेचं काय केलं ते सर्वज्ञात आहे. गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणं जगात सगळीकडे थांबलं ते थेट २०२१ मध्ये. आजचं ऑक्टेन शुद्धीकरणाच्या प्रक्रियेतून आणि इथेनॉलसारख्या घटकांतून येतं.

या आकड्यात ऊर्जा कुठेच नाही. किलोभर पेट्रोलमध्ये साधारण ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते, मग ते साधं असो की प्रीमियम. इथेनॉलचं उदाहरण घेतलं की गैरसमज चटकन सुटतो. त्याचा आरओएन १०० च्या बराच वर, पण ऊर्जा किलोला २७ मेगाज्यूलच्या आसपासच. म्हणजे आकडा चढवणारा घटक लिटरमागची ऊर्जा उतरवूही शकतो.

मग जास्त ऑक्टेनचा फायदा होतो तरी कुणाला? ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त आहे किंवा ज्यात टर्बो हवा दाबून भरतो, त्याला. अशा इंजिनात मिश्रण भडकण्याच्या उंबरठ्यावरच असतं. पेट्रोल कमी ऑक्टेनचं मिळालं, तर नॉक सेन्सर आवाज ओळखतो आणि संगणक ठिणगी उशिरा टाकायला लागतो, म्हणजे टायमिंग मागे घेतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही घटतात. प्रीमियम भरलं की ही घट भरून निघते. दहास एकच्या साध्या इंजिनात मागे घेण्याची वेळच आली नसेल, तर भरून निघायलाही काही नसतं.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने याची रीतसर चाचणी केली आहे. २०१६ मध्ये साध्या पेट्रोलवर चालायला बनवलेल्या गाड्यांत त्यांनी प्रीमियम भरून पाहिलं. ताकद, ॲव्हरेज, धूर, कशातच दखल घ्यावी असा फायदा आढळला नाही. पुढच्या वर्षी ज्या गाड्यांना प्रीमियमची फक्त शिफारस असते, सक्ती नसते, त्या तपासल्या. तिथे ॲव्हरेज सरासरी २.७ टक्क्यांनी आणि ताकद १.४ टक्क्याने वाढली, पण तिथल्या भावातला फरक वीस-पंचवीस टक्क्यांचा होता.

पाण्यात टांगलेला थर्मोस्टॅट

वडिलांच्या गाडीला दुसऱ्या गॅरेजमध्ये नेलं. तिच्या डॅशखालच्या सॉकेटमध्ये एक छोटं स्कॅनर लावून मोबाइलवर दोन आकडे उघडले, टायमिंग आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान. टाकीत साधं पेट्रोल, तोच चढ, तोच गिअर. कूलंट ११० अंशांच्या आसपास रेंगाळलेलं आणि ॲक्सिलरेटर दाबला की टायमिंग भराभर मागे पळत होतं. तरीही टकटक ऐकू येतच होती, कारण मागे घेण्यालाही मर्यादा असते. डॅशबोर्डवरचा काटा मात्र मधोमध शांत. पुष्कळ गाड्यांत हा काटा मुद्दाम मठ्ठ ठेवलेला असतो. बऱ्याच मोठ्या पल्ल्यात तो हलतच नाही, नाहीतर लोक उगाच घाबरून गाडी थांबवतील. वडिलांना काही कळलं नाही यात त्यांचा काय दोष!

मिस्त्रीने कूलंट काढलं, थर्मोस्टॅटचा कप्पा उघडला आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, बाहेर घेतला. त्याच्या कडेवर ८२ अंश कोरलेलं होतं, म्हणजे त्या तापमानाला तो उघडायला लागायला हवा. एका पातेल्यात पाणी तापत ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात टांगला, शेजारी थर्मामीटर. तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर बुडाची उष्णता थेट लागते. ब्याऐंशी गेलं, नव्वद गेलं, झडप मिटलेलीच. पाण्याला उकळी फुटायला आली तेव्हा कुठे ती किंचित उचलली, आणि तीही अर्धवट. नवा थर्मोस्टॅट त्याच पाण्यात सोडला तर डोळ्यांदेखत पूर्ण उघडला. वडील पातेल्यावर वाकून बघत होते. प्रीमियमवरच्या माझ्या सगळ्या बोलण्याने जे झालं नसतं ते त्या पातेल्याने केलं.

प्लग काढल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. पुस्तिकेत दिलेल्या हीट रेंजपेक्षा ते जास्त गरम राहणारे होते. मागे कुठल्यातरी सर्व्हिसिंगमध्ये हाताला लागले ते बसवले असावेत. प्लगचं टोक लालबुंद राहिलं की नॉकिंगला आणखी हातभार लागतो. थर्मोस्टॅट, कूलंट आणि प्लग एकदमच बदलले, त्यामुळे दोषात कोणाचा वाटा किती हे वेगळं काढता येणार नाही. संशोधन म्हणून हे कच्चं आहे, पण गाडी दुरुस्त करायची होती, प्रबंध लिहायचा नव्हता.

मग टाकीत साधं पेट्रोल, तोच चढ. कूलंट नव्वदच्या आसपास, टायमिंग जागेवर, आवाज नाही.

म्हणजे प्रीमियम इतकी वर्षं वेदनाशामक गोळीचं काम करत होतं. दुखणं तसंच, फक्त ठणका बंद. आणि तापलेल्या इंजिनाचा धोका नॉकिंगपुरता नसतो. हेड गास्केट, नळ्या, तेल, सगळ्यांचंच आयुष्य कमी होतं. प्रीमियमवर गेलेल्या जादा पैशांपेक्षा या दडलेल्या दोषाची मला जास्त धास्ती वाटते. 'प्रीमियम भरा' हा सल्ला देणाऱ्या गॅरेजवाल्याने वाईट हेतूने सांगितलं असेल असं मी म्हणणार नाही. पाच मिनिटांत गिऱ्हाईक खूश होऊन जातं, असा सोपा उपाय हाताशी असला की पाना उचलावासा वाटत नाही.

मुलीच्या गाडीत उलटा घोळ

स्कॅनर हातात होतंच, म्हणून मुलीची गाडीही तपासली. तिची काहीच तक्रार नव्हती. 'जरा सुस्त झाली आहे, सर्व्हिसिंगला आली असेल' एवढंच. साध्या पेट्रोलवर जोर टाकला की टायमिंग सारखं मागे जात होतं. टकटक मात्र नाही, कारण नव्या गाडीचा सेन्सर आपलं काम चोख करत होता.

"पण माझ्या गाडीला ९१ चालतं, मी वाचून खात्री केली आहे," ती म्हणाली. तिने इंटरनेटवर पाहिलं होतं, आणि पाहिलेलं खोटं नव्हतं. फक्त तो आकडा दुसऱ्या पट्टीतला होता. ऑक्टेन दोन तऱ्हांनी मोजतात. आरओएनची चाचणी सौम्य, इंजिनाच्या मिनिटाला ६०० फेऱ्यांवर. एमओएनची कडक, ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण आधीच तापवून, म्हणून त्याच पेट्रोलचा एमओएन आकडा खाली येतो. जगाच्या बऱ्याच भागांत पंपावर आरओएन लिहितात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथलं ९१ म्हणजे इतरत्र साधारण ९५ आरओएन, आणि तिथलं साधं ८७ म्हणजे ९१ आरओएन. तिने अमेरिकन पानावर ९१ वाचलं, पंपावर ९१ पाहिलं, आणि जुळवून टाकलं. तिच्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणामागे ९५ आरओएन, किमान, असं छापलेलं होतं. झाकण रोज उघडलं जायचं, पण त्यामागचं कोणी वाचलं नव्हतं.

एकूण काय, तर ज्या गाडीला प्रीमियमची गरज नव्हती तिला ते मिळत होतं, आणि जिला हवं होतं तिच्यावर काटकसर चालली होती.

इथे झाकणावरचा, पुस्तिकेतला शब्द नीट वाचावा लागतो. 'किमान' किंवा 'आवश्यक' असेल तर चर्चा संपली, तेच भरायचं. 'शिफारस' असेल तर कमी ऑक्टेन चालतं, फक्त थोडी ताकद आणि थोडं ॲव्हरेज जातं, आणि भावातला फरक त्याहून मोठा असेल तर लोक खुशाल साधं भरतात. काहीच लिहिलेलं नसेल, नुसता ९१ असेल, तर जास्त आकड्याला पैसे घालायचं कारण उरत नाही. चुकून एखादी टाकी साधी भरली गेली म्हणून टर्बो गाडी लगेच मोडत नाही. पुढच्या फेरीला योग्य पेट्रोल भरावं आणि तोवर जोर टाकू नये. पण ती रोजची पद्धत करणं वेगळं.

टर्बो आणि थेट फवारणीच्या इंजिनांत आणखी एक त्रास असतो. कमी वेगात अचानक जोर टाकला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. याला नॉक सेन्सर फारसं काही करू शकत नाही, कारण ठिणगी उशिरा टाकून उपयोग नाही, आग आधीच लागलेली असते. यात इंजिन ऑइलच्या रचनेचा मोठा वाटा असल्याचं आढळलं आहे, म्हणून २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या मानकात यासाठी खास चाचणी आहे. मुलीच्या गाडीत कोणतं ऑइल आहे ते बिलावरून कळेना. ते बदलायचं ठरलं. पेट्रोलवर वाचवून ऑइलमध्ये तडजोड करणं या इंजिनाला परवडणारं नाही.

ॲव्हरेज मोजताना

वडिलांनी एक रास्त मागणी केली. "आकडे ठीक आहेत, पण माझ्या गाडीवर मोजून दाखवा." मग मोजलं. पद्धत जुनीच. टाकी फुल, नोझल पहिल्यांदा आपणहून कट झालं की थांबायचं, वरून आणखी दाबून भरायचं नाही. किलोमीटरचं रीडिंग लिहायचं. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच बाजूला गाडी उभी करून, पुन्हा पहिल्या कटपर्यंत. टायरमधली हवा सारखी, रस्ताही रोजचाच.

दोन्ही पेट्रोलांवर आलटून पालटून काही टाक्या झाल्या. एकाच पेट्रोलच्या दोन टाक्यांतही चार-पाच टक्क्यांचा फरक पडत होता. कधी वाहतूक जास्त, कधी एसी जास्त, कधी पाहुणे गाडीत. या चढउतारात प्रीमियमचा म्हणून वेगळा फायदा दिसेना. एक-दोन टक्के असेलही, पण अशा घरगुती मोजणीत तो सापडणार नाही आणि नाही असंही सिद्ध होणार नाही. दहा टक्के असता तर लपला नसता, आणि आपल्याला प्रश्न दहाचाच होता. 'प्रीमियम भरलं आणि त्या टाकीला दोन किलोमीटर जास्त गेली' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं की मी विचारतो, त्याआधीच्या चार टाक्या सारख्या होत्या का?

मोजताना एक वेगळीच गोष्ट हाती लागली. निवृत्तीनंतर वडिलांचे प्रवास बदलले होते. आता दिवसात तीन-चार वेळा गाडी काढून जवळपास जाणं, आणि मध्ये कोणाची तरी वाट बघत एसी लावून इंजिन चालू ठेवून बसणं. थंड इंजिन तापेपर्यंत पेट्रोल जास्त पितं, आणि छोट्या फेरीत ते तापतं तोवर घर येतं. उभ्या गाडीचं चालू इंजिन तासाला एक ते दोन लिटर सहज जाळतं. त्यांच्या ॲव्हरेजमधली खरी गळती इथे होती, आणि ती दोन्ही पेट्रोलांवर सारखीच होती. टायरचंही तसंच. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या हिशेबाने हवा दर एक पीएसआय कमी झाली की ॲव्हरेज साधारण ०.२ टक्का घटतं. त्यांच्या चारही टायरांत हवा बरीच कमी होती.

'पण इंजिन स्वच्छ राहतं ना?'

हा वडिलांचा शेवटचा मुद्दा, आणि त्यात तथ्य आहे. प्रीमियममध्ये बहुधा स्वच्छता करणारी रसायनं जास्त घातलेली असतात. पॉलिइथर अमाइनसारखी द्रव्यं इंजेक्टरवरचा आणि व्हॉल्व्हवरचा कार्बन खरोखर काढतात. २०१६ च्याच एका चाचणीत वरच्या असोसिएशनला असं दिसलं, की टॉप टियर हे स्वच्छतेचं मानक पाळणाऱ्या पेट्रोलच्या तुलनेत ते न पाळणाऱ्या पेट्रोलने सरासरी १९ पट जास्त साका साठवला. पण ते मानक त्या कंपनीच्या सगळ्याच प्रतींना लागू असतं, साध्यालाही. म्हणजे स्वच्छता आणि ऑक्टेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त पंपावर त्या एकाच नोझलमधून येतात.

वडिलांच्या गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात. मुलीच्या गाडीत ते थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हला शिवतही नाही. तिथे पेट्रोलमधली रसायनं इंजेक्टरला मदत करतील, व्हॉल्व्हवरच्या कार्बनचं काही करणार नाहीत. छोट्या फेऱ्यांमुळे वडिलांच्या इंजिनात कार्बन साठण्याची शक्यता जास्त, म्हणून मी त्यांना सुचवलं की सर्व्हिसिंगच्या आधी कधीतरी एक चांगल्या दर्जाची क्लीनरची बाटली टाकावी. वर्षभर प्रत्येक लिटरला जादा मोजण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मनाचं समाधान हवं असेल तर अधूनमधून एक टाकी प्रीमियमची भरायलाही माझी हरकत नाही. स्वतःच्या गाडीचे लाड करण्यावर कोणी हिशेब मागू नये, फक्त त्याला बचत म्हणू नये.

ठरलं ते असं

वडिलांच्या गाडीत साधं, मुलीच्या गाडीत ९५ चं प्रीमियम. दोन्ही गाड्या मिळून पेट्रोलचा खर्च जवळजवळ तेवढाच राहिला, कारण एकीकडे वाचलेलं दुसरीकडे गेलं. मुलगी यावर थोडी खट्टू झाली. वही काढली होती ती खर्च कमी करायला. पण तिच्या गाडीत अर्धवट काटकसरीचं जे नुकसान होत होतं ते थांबलं, आणि वडिलांच्या इंजिनातला ताप उतरला. बचत दिसली ती टायरमधली हवा आणि उभ्या गाडीतला एसी या दोन सवयींतून.

वहीत आता लिटरचा आणि किलोमीटरचा रकाना आहे. ठरलेल्या रकमेचं भरायची सवय वडिलांची सुटलेली नाही, पण पावती ते आणून देतात आणि लिटर ती लिहिते.

भाव बदलले तर? साधं आणि प्रीमियम यांतलं अंतर कमी झालं तरी वडिलांच्या गाडीचा निर्णय बदलत नाही. तिला त्यातून मिळण्यासारखं काही नाही. अंतर वाढलं तरी मुलीच्या गाडीचा बदलत नाही, कारण झाकणावर 'किमान' आहे. पुढचं वाहन घेताना मात्र हा शब्द आधी बघायचा असं तिने ठरवलं आहे. गाडीची किंमत एकदाच मोजावी लागते, झाकणामागचा आकडा दर फेरीला.

आणि जुनी गाडी पुन्हा कधी टकटकली, तर क्रमही ठरवून दिला आहे. आधी कूलंटची पातळी आणि स्कॅनरवर तापमान. मग रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का. मग प्लगचा नंबर. मग कार्बन. हे सगळं नीट असूनही आवाज राहिला तर पंप बदलून बघायचा, आधीचं पेट्रोल खराब असू शकतं. त्यानंतरही राहिला तर तपासापुरती एक टाकी प्रीमियमची. आवाज गेला तर गाडी गॅरेजमध्ये न्यायची.